चाळीस सेंटिमीटर

विमान कधी येऊन गेलं, कुणालाच कळलं नाही.
मेंढ्यांनी मान वर केली असेल, तेवढीच.
पोटातून सेकंदाला लाखभर किरण सांडत
ते मोइल रिगोगवरून गेलं
आणि दोन वर्षांनी, जानेवारीत,
माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
डोंगर उतरला,
नुसत्या ठिपक्यांचा.

शाळेत होते तेव्हा फळ्यावर मी तीन रेघांत डोंगर काढायचे.
आता मीटर-मीटरच्या चौकटीला एकेक आकडा.
हेदर गाळायचं, कुंपण गाळायचं,
मेंढी उभी असेल तर मेंढीही.
उरते ती जमीन.
मोइल म्हणजे बोडका. रिगोग म्हणजे हेदरनं झाकलेला.
नाव ठेवणाऱ्याच्या हे लक्षात आलं नसावं,
किंवा आलं, आणि आवडलं.

लोकांना वाटतं, उंची शिखरावर ठरते.
शिखर सोपं असतं.
डोंगर ठरतो खिंडीत:
शेजाऱ्याकडे जायला किती खाली उतरावं लागतं
त्यावर.
तीस मीटर उतरावं लागलं, तर आमच्या यादीत त्याला स्वतःची ओळ.
नाहीतर तो शेजाऱ्याचा खांदा.

शिखर चारशे बारा पूर्णांक तीन.
खिंड तीनशे ब्याऐंशी पूर्णांक सात.
वजाबाकी तीनदा केली, एकदा पेन्सिलीनं.
एकोणतीस पूर्णांक सहा.

दोन महिने मनात ठेवलं. मार्चमध्ये टेग्विनकडे गेले.
तो कोकराला बाटलीनं दूध पाजत होता.
"खांदा? कुणाचा खांदा?"
"केव्हन हीरचा."
केव्हन हीर इद्वालचा.
कुंपणाच्या एका खांबावरून एकोणीस वर्षं
दोघांत शब्द नाही.
बाटली संपेपर्यंत टेग्विन गप्प.
मग म्हणाला,
"खिंड कुठं मोजलीस, लूनेड? वाटेवर?"

त्रेसष्ट सालचं ते बर्फ.
वितळलं तेव्हा खिंडीत अकरा मेंढ्या रुतल्या, काढता आल्या नाहीत.
मग बाप आणि तेरा वर्षांचा हा,
खाणीतला टाकाऊ स्लेट ट्रॉलीनं आणून ओतत राहिले
एप्रिलभर.
"दीड फूट भरला. फावड्याच्या दांड्यावर खूण होती."

नियम माझ्या बाजूनं होता: माणसानं टाकलेलं धरायचं नाही.
पण किरणाला काय कळणार, कुठला दगड कुणी आणला?
साठ वर्षं गवत उगवलं की
भराव जमीन होतो.

वर वारा असा, की फीत धरवेना.
टेग्विननं फावडं मारलं. गवताची गादी, मग मुळं,
मग निळे पत्रे, खणखणत,
पत्र्याखाली पत्रा,
आणि शेवटी काळं, ओलं, मऊ.
त्यानं बोट खुपसून वास घेतला.
"हे जुनं."
सेहेचाळीस, मी वाचलं.
म्हणजे तीस मीटर, वर सहा सेंटिमीटर.
माझ्या करंगळीएवढा
डोंगर.

पलीकडच्या उतारावर गाडी थांबली.
इद्वालनं टोपी दाबून धरत ओरडून विचारलं,
"काय शोधताय तिथं?"
टेग्विननं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.
"डोंगर!" तो ओरडला.
"मिळाला का?"
"मिळाला! थोडक्यात!"

रात्री यादीतली ओळ मी परत लिहिली,
शेजारी टीप: खिंडीत भराव, हातानं तपासला.

खड्डा मात्र त्याच दुपारी बुजवला आम्ही,
तिघांनी,
एकेक पत्रा परत रचून, वर गवत दाबून,
नाहीतर एखाद्या मेंढीचा पाय गेला असता.
पुढच्या वेळी विमान येईल
तेव्हा त्याला पुन्हा
चाळीस सेंटिमीटर कमीच भरतील.